शेतात उगवलेलं लग्न

कपाशी गुडघ्याएवढी झाली की बापू डवरा घेऊन शेतात जात आणि मी भाकरीचं फडकं घेऊन मागून. बैल दोन ओळींच्या मधून सरळ चालत, डवऱ्याखाली माती भुसभुशीत होत जाई, आणि मधेच बापू बैलांना थांबवून खाली वाकत. मातीतून काहीतरी पांढरं उचलत. पहिल्यांदा लांबून पाहिलं तेव्हा मला वाटलं, मागच्या वर्षीचं कापसाचं बोंड असेल. जवळ गेले तर थर्माकोलचा तुकडा. ताटलीच्या काठाचा, वर उठवलेली वेलबुट्टी तशीच्या तशी. बापूंनी त्यावरची माती अंगठ्यानं पुसली, तुकडा शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "सुशीचं लगन अजून उगवूनच राह्यलं."

सुशी माझी मोठी बहीण. तिच्या लग्नाचं जेवण घराला लागून असलेल्या शेतात झालं होतं, ऐन मे महिन्यात, आणि दुपारी वावटळ उठली तशा उष्ट्या ताटल्या सगळ्या शिवारभर उडाल्या होत्या. बाभळीच्या कुपाटीला, म्हणजे काटेरी कुंपणाला, त्या दिवाळीपर्यंत अडकून होत्या. पुढे पाऊस आला, नांगरट झाली, तुकड्यांचे तुकडे झाले, पण संपले नाहीत. सुशीला दोन लेकरं झाली तरी बापूंच्या खिशातून तिचं लग्न निघतच होतं. बापू कमी बोलणारे, वर्षाकाठी दोनचारच विनोद करणारे गृहस्थ. त्यातला हा एक त्यांचा कायमचा.

आमचा तांडा घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत, सागाच्या जंगलाच्या कडेला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. आम्ही कपाशी, तूर, सोयाबीन पेरून एका जागी बसलो. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि कॉलेजात पुस्तकातली मराठी, अशा तीन जिभा घेऊन मी मोठी झाले. या पानांत माणसं बोलतात ते मी वऱ्हाडीत उतरवलं आहे. गोरबोलीत लिहिलं तर बऱ्याच वाचकांना कळणार नाही, आणि पुस्तकी मराठी तोंडात घातली तर याडी मला जेवायला वाढणार नाही. याडी म्हणजे आई, बापू म्हणजे वडील. आणि हेही इथंच सांगून टाकते, की आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर मी. मुलगा-मुलगी दोन्ही धरून पहिली. कोणाला हा गर्व वाटला तर वाटो. यवतमाळच्या वसतिगृहात राहून, सुट्टीत निंदायला-वेचायला जाऊन मी तो मिळवला आहे, त्यामुळे तो मिरवायचा हक्कही माझाच.

घर दोन खोल्यांचं, पुढे शेणानं सारवलेलं मोठं अंगण, आणि त्या अंगणाला भिंत नाही. पलीकडचं घर बापूंच्या चुलतभावाचं, म्हणजे सकरीकाकीचं. सकाळ व्हायची ती आवाजांनी. इकडे याडीच्या भाकरीची थापथाप, तिकडे काकीच्या हातभर पांढऱ्या बांगड्यांचा खडखडाट. याडीनं कधीच साडी धरली होती. काकी मात्र आरसे लावलेल्या फेटिया-कांचळीत, आमच्या घागरा-चोळीत, शेवटपर्यंत राहिली. ज्वारीच्या भाकरीला आम्ही बाटी म्हणतो. तव्यावरून उतरलेली बाटी, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी आणि कच्च्या तेलाची धार. वसतिगृहातली पातळ आमटी खाऊन आठवडा काढला की शनिवारच्या गाडीत मला या भाकरीचा वास आधीच यायला लागायचा. मी घरी आले की याडी विचारायची, "काय शिकवलं व या हप्त्यात?" मी सांगायची. ती ऐकायची, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणायची, "बरं. कांदा चीर."

त्या काळात या दोन घरांमध्ये बोलणं नव्हतं. म्हणजे याडीचं आणि सकरीकाकीचं. पुरुष बोलायचे, आम्ही पोरं बोलायचो, वाटीभर ताक आणि विरजण इकडून तिकडे आमच्या हातून जायचं. पण त्या दोघी एकाच अंगणात झाडू मारताना मधली रेघ ओलांडायच्या नाहीत. काकीला काही सुनवायचं असलं की ती तिच्या शेळीला सांगायची. शेळी काळी, एका कानाची, आणि भारी ऐकून घेणारी. "खाय माय, खाय," काकी तिच्यापुढे पाला टाकत मोठ्यानं म्हणायची, "तुले कोनी बोलावाची गरज नाई. तू आपली बोलावल्याबिगरच खाते." चुलीपुढे बसलेल्या याडीच्या हातातली भाकरी मग जरा जोरात थापली जायची.

याचं मूळ सुशीच्या लग्नात होतं, आणि ते समजायला आमच्याकडची रीत आधी सांगायला हवी. तांड्यात कोणाकडे लग्न निघालं की त्या घरची बाई परातीत गूळ घेऊन घरोघर फिरायची. पानं टाचायचं बोलावणं. सुरुवात शेजारच्या दारापासून, आणि मधलं एकही दार सोडायचं नाही. वाकडं असो की सरळ. प्रत्येक घरची बाई गुळाचा खडा तोंडात टाकी, म्हणजे येणार असं समजायचं. पुरुष जंगलातून पळसाच्या पानांचे भारे आणत, आणि बाया लग्नघराच्या अंगणात चिंचेखाली बसून बांबूच्या बारीक काड्यांनी पत्रावळी आणि द्रोण टाचत. दोन-दोन दिवस चाले हे. गाणी, थट्टा, कोणाच्या सुनेची तक्रार, कोणाच्या लेकीचं स्थळ, सगळं त्या पानांत टाचलं जाई. मी लहान असताना त्या बायांच्या मधे आडवी पडून चिंचेतून येणारं ऊन बघत राहायची. पानाला काडी टोचली की बारीक 'टच्' असा आवाज येतो. इतक्या जणींच्या हातून तो एकदम येत राहिला की पत्र्यावर पावसाची भुरभुर पडल्यासारखं वाटायचं.

सुशीच्या लग्नात याडी गूळ घेऊन फिरली नाही. पांढरकवड्याच्या बाजारातून तिनं थर्माकोलच्या ताटल्या आणल्या. आमच्या तांड्यातल्या पहिल्या. पांढऱ्याशुभ्र, वेलबुट्टीच्या, लोक उलटून-पालटून बघत होते. याडी पातळ नेसून मांडवात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा तोरा मला अजून दिसतो. पंगत बसली तेव्हा सकरीकाकी आली. ओढणीखालून तिनं स्वतःच्या घरची पितळी थाळी काढली, पुढे ठेवली, तीत वाढून घेतलं, शांतपणे जेवली, आमच्याच रांजणातल्या पाण्यानं थाळी घासली आणि घरी गेली. सगळ्या पंगतीनं ते पाहिलं. त्या दिवसापासून अंगणात रेघ पडली. आणि पुढच्याच उन्हाळ्यापासून तांड्यातल्या सगळ्या लग्नांत थर्माकोल आलं. गूळ घेऊन फिरणं बंद झालं ते झालंच.

एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा प्रबंधासाठी विषय निवडायचा होता. आमचे सर एक वेगळाच पेपर शिकवायचे: माणसं पर्यावरणाला झेपेल असं जगायला लागतात म्हणजे नेमकं काय होतं, कोण बदलतं, कोण बदलत नाही, आणि का. आज याला 'शाश्वतता' असा भारदस्त शब्द आहे आणि माझे विद्यार्थी तो पाण्यासारखा वापरतात. तेव्हा तो शब्द आमच्या जिभेला जड जायचा. सर म्हणायचे, दिवा सूर्यावर चालतो की रॉकेलवर हे इंजिनिअर बघेल, तो घरात कोण लावतं आणि कोण विझवतं ते तुम्ही बघा. वर्गातल्या कोणी सौरदिवे घेतले, कोणी गोबरगॅस. मी पत्रावळी घेतल्या. आपल्या तांड्यानं पान का सोडलं, आणि ते पुन्हा धरेल का. वर्ग हसला. "पत्रावळीवर एम.ए.? मंग द्रोणावर पीएच.डी. करजो," एक जण म्हणाला. मीही हसले. पण विषय बदलला नाही.

उन्हाळाभर मी तांड्यात घरोघर जाऊन बायांना विचारलं, पळसाची पत्रावळ का सोडली? उत्तरं एका छापाची. सस्तं पडते. टाइम नाई भेटत. पान गळते, रस्सा मांडीवर येते. शिकलेली पोरगी विचारते म्हणून कौतुकानं चहा करायच्या आणि हीच तीन उत्तरं बशीत घालून द्यायच्या. मी ती मांडून सरांकडे नेली. सरांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "खोटं यात काही नाही. पण सगळं एकाच वर्षात सुटलं म्हणतेस. स्वस्त तर ते त्याच्या आधीच्या वर्षीही होतं. मग पहिलं घर कोणतं, आणि त्या घरचं उत्तर कुठं आहे?"

त्या घरचं उत्तर नव्हतं, कारण कोणी आपल्याच याडीची मुलाखत घेत नाही. चुलीपुढे बसून मी तिला विचारलं तर तिनं फुंकणीनं जाळ केला आणि म्हणाली, "सस्तं पडते." ते म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि मग संजूचं लग्न ठरलं. संजू माझा धाकटा भाऊ, घाटंजीला ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला. याडीनं बाजाराची यादी सांगायला सुरुवात केली: साखर, बेसन, ताटल्या. मी म्हटलं, "ताटल्या नाई. पत्रावळी."

"आन टाचन कोन?"

"तांडा टाचन. पयलेसारखं."

"पयलेसारखं," याडी म्हणाली, आणि बापूंकडे वळली. "आयकता काय, तुमची पोट्टी आता मले लगन करनं शिकवून राह्यली."

बापू बिडी ओढत होते. म्हणाले, "पानं मी आनून देतो. माया खिशात आता जागा नाई राह्यली."

हे बापूंकडून आलं म्हणून याडीनं नाही म्हटलं नाही, पण होही म्हणाली नाही. मी मात्र ठरवून टाकलं. पंचविशी गाठायची होती, एक पदवी हातात होती, दुसरी येऊ घातलेली, आणि अशा वयात माणसाला वाटतं की चांगली गोष्ट सगळ्यांना एकदम मोठ्यानं सांगितली की होते. आमच्या सेवालाल महाराजांच्या मंदिरावर भोंगा आहे. लस द्यायला नर्सबाई आल्या, रेशनचं धान्य आलं, कोणाची म्हैस हरवली, सगळं त्यावरून कळतं. मी संध्याकाळी मंदिरात गेले, पुजारीबुवांकडून माईक घेतला आणि चांगलं भाषण ठोकलं. आपल्या बापजाद्यांची रीत, थर्माकोलनं जमिनीचं काय होतं, गाईच्या पोटात काय जातं, आणि उद्या सकाळी सगळ्या माय-बहिणींनी आमच्या अंगणात पानं टाचायला यावं, चहापाण्याची सोय आहे. माझा आवाज जंगलावर आपटून परत आला तेव्हा मला स्वतःचंच फार बरं वाटलं.

सकाळी बापू आणि संजू बैलगाडीभर पळसाची पानं घेऊन आले. कोवळी पोपटी, दव पडल्यासारखी चमकणारी. मी चिंचेखाली सतरंज्या टाकल्या, काड्यांच्या जुड्या मांडल्या. याडीनं मोठ्या गंजात चहा ठेवला. आम्ही वाट बघत बसलो.

कोणी आलं नाही. ऊन चिंचेच्या बुंध्यापर्यंत आलं, चहावर साय धरली. बाया आमच्या दारावरून विहिरीवर जात होत्या, पाणी घेऊन परत येत होत्या, आणि पानांच्या ढिगाकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. मी एकीला हाक मारली तर ती म्हणाली, "आयकलं ना बाई काल. लई मस्त बोलली तू." आणि गेली. अंगणाच्या पलीकडून काकीच्या बांगड्या वाजल्या. ती शेळीला बांधत होती. "पाह्य व," ती शेळीला म्हणाली, "भोंग्यानं बोलावलं. आता भोंगेच येतीन टाचाले."

मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि मी ते रागात बदललं. अडाणी आहेत सगळ्या, म्हटलं. यांना चांगलं कळतच नाही. याडी एकदम माझ्याकडे वळली. "अडानी कोनाले म्हनते? तुले बोलावाले कोनी तुया दारात आलं नाई, आन अख्ख्या गावाले एकदमच आवाज देल्ला, तं तू जाशीन काय? थे म्हैस हरवल्याची खबर होते, बोलावनं नाई होत."

पानांकडे बघायला नको वाटत होतं. पळसाचं पान तोडल्यावर फार थांबत नाही. उन्हाची तिरीप लागली की काठ वळतात, मग काडी टोचली की फाटतात. संध्याकाळपर्यंत टाचायची बसणी झाली नाही तर गाडीभर पानं बैलांपुढे टाकायची आणि संजूनं मोटारसायकल काढून पांढरकवड्याहून ताटल्या आणायच्या, हे सगळ्यांना दिसत होतं. माझा प्रबंध राहिला असता तरी चाललं असतं. पण मी तांड्यात परत तोंड वर करून बोलू शकले नसते, आणि माझ्या हट्टापायी घराचं दुसऱ्या लग्नातही हसं झालं असतं.

याडी उठली. घरात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिनं चांगलं लुगडं नेसलं होतं, डोक्यावरून पदर घेतला होता, आणि हातात परात होती. परातीत गूळ. फोडून, नीट खडे करून. ती अंगणात आली आणि थांबली. मला वाटलं, ती तांड्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात करील. पण बोलावणं शेजारच्या दारापासून सुरू होतं. ती रीत माझ्यापेक्षा तिला पक्की ठाऊक होती. तिनं अंगणातली ती नसलेली रेघ ओलांडली. मी पानांवर पाणी शिंपडण्याच्या निमित्तानं जवळच राहिले.

काकीनं तिला येताना पाहिलं आणि शेळीच्या पाठीवर हात ठेवला. "पाह्य व, कोन आलं."

"शेळीसंग नोको बोलू, सकरी," याडी म्हणाली. "मी तुयासंग बोलाले आली. संजूचं लगन हाय. पानं टाचाले ये."

"काहून? पांढऱ्या पलेटा सरल्या काय बजारातल्या?"

"नाई सरल्या."

"मंग?"

याडीनं परातीतले खडे बोटांनी सारखे केले. मग एका दमात बोलली, जसं कोणी डोक्यावरचा भारा खाली टाकतं. "सुशीच्या लग्नाच्या आंधी मी दोन साल कोनाच्याच आंगनात टाचाले बसली नवती. रोज लोकाच्या वावरात निंदाले, येचाले जात होती. तुया रामूच्या लग्नातबी आली नवती. ज्याइच्या घरी मी बसली नाई, त्याइले कोन्या तोंडानं बोलावू? म्हनून पलेटा आनल्या. कोनाले काई म्हना नाई लागलं."

मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी होते. उन्हाळाभर घरोघर जाऊन जे मला मिळालं नव्हतं ते आमच्याच अंगणात, उघड्यावर, सांगितलं जात होतं.

काकीनं शेळीच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाली, "मले वाटलं, तू मोठी झाली. मले वाटलं, हिले आता आमचे हात नाई लागत."

"मोठी कायची व."

"मंग तवा काहून नाई बोलली?"

"तू थाळी घेऊन आली ना जेवाले. मंग काय बोलू?"

शेळीनं मान पुढे काढून परातीतला एक खडा उचलला. दोघींनी एकदमच तिला हाकललं. काकी हसली नाही, पण तिचा आवाज बदलला. "आन काय व," ती म्हणाली, "हाजरी कोन घेत होतं? शाळा होती काय थे, तू आली का नाई पाहाले?" तिनं गुळाचा खडा उचलला आणि तोंडात टाकला. मग गोरबोलीत म्हणाली, "आव, बेस." ये, बस. याडीनं तिच्याकडून हे दोन शब्द कितीतरी वर्षांत ऐकले नव्हते.

"बसाले टाइम नाई," याडी म्हणाली. "अख्खा तांडा बाकी हाय. पानं वाळून राह्यले."

"थांब," काकी म्हणाली. ओसरीवरची ओढणी तिनं डोक्यावर घेतली. "मी येते संगं. तू एकटी गेली तं तिकडच्या आळीतल्या बाया घंटाभर मस्करीच करतीन."

त्या दोघी परात घेऊन तांड्यातून गेल्या आणि मी मागं राहून पानं भिजवत राहिले. थोड्या वेळानं पहिल्या बाया यायला लागल्या. ज्या सकाळी न बघता गेल्या होत्या त्याच. कोणी स्वतःच्या घरची चटई काखेत घेऊन, कोणी पाळण्यातलं लेकरू घेऊन. सकाळचा चहा याडीनं पुन्हा उकळला. फार कडू झाला होता, सगळ्यांनी प्यायला. दुपारी ज्यांना शेतावर जायचं होतं त्या गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. ज्यांना येणं जमलंच नाही त्यांनी लेकीला नाहीतर सासूला धाडलं. काकी मधे बसली आणि तिनं गाणं उचललं, नवऱ्यामुलाच्या आईची थट्टा करणारं, आणि याडी मान खाली घालून हसत काड्या मोडत राहिली. मी टाचलेली पहिली पत्रावळ काकीनं उजेडासमोर धरली. आरपार आभाळ दिसत होतं. "यम्मे करून राह्यली हे," ती बाकीच्यांना म्हणाली, "हिच्या पत्रावळीत वरन वाढा, जमिनीले जेवाले भेटन." ती पत्रावळ हातोहात सगळ्या बसणीत फिरली. नंतर काकीनं पाठीमागून माझे दोन्ही हात धरून मला काडी कशी तिरकी घालायची ते शिकवलं. तिच्या बांगड्या माझ्या मनगटावर वाजत होत्या. वही घरात होती. ती आणायला उठावं असं मला एकदाही वाटलं नाही.

नवरी घरी आली त्या दिवशीचं जेवण आमच्याकडे. वरण, भात, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. पंगती शेतातच बसल्या, आणि उठल्या की बापू उष्ट्या पत्रावळी गोळा करून उकिरड्यात टाकत होते. काकी आली, आणि तिच्या ओढणीखाली काहीतरी गोल, जड होतं हे मी आणि याडीनं एकदमच पाहिलं. याडीच्या हातातलं भाताचं भांडं जागच्या जागी थांबलं. काकी पंगतीत बसली, पत्रावळ पुढे ओढली, पाणी शिंपडून पुसली, आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "पयले इकडे दे, मीच टाचेल हाय हे." पोटभर जेवली. उठल्यावर हात धुऊन ती घरात नवरीकडे गेली आणि ओढणीखालची पितळी थाळी काढून तिच्या मांडीवर ठेवली. चिंचेनं घासून सोन्यासारखी केली होती. "हे तुले," ती म्हणाली. "रोज हिच्यात जेव. फकत कोनाच्या लग्नात घेऊन जाजो नोको."

घरातल्या बाया हसल्या ते बाहेर मांडवापर्यंत ऐकू आलं. नवरीला काही कळलं नाही. तिला ते पुढे याडीनंच सांगितलं, आणि दर वेळी सांगताना काकीला जरा जास्तच वाईट रंगवलं, असं माझी वहिनी म्हणते.

प्रबंध मी नव्यानं लिहिला. त्यात स्वस्ताईचं उत्तर ठेवलं, कारण ते खोटं नाही. पण त्याच्याखाली हे लिहिलं, की नवी वस्तू घरात येते ती पुष्कळदा एखाद्याला मान खाली घालायची वेळ येऊ नये म्हणून येते, आणि जुनी परत आणायची तर आधी त्या मानेचं काहीतरी करावं लागतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "मग तुमच्या मते उपाय काय?" मी म्हटलं, "घरोघर जायचं." ते म्हणाले, "हे काही धोरण नाही." मी म्हटलं, "नाही सर. पण आमच्याकडे तेवढंच चाललं." आमचे सर खिडकीबाहेर बघत होते, पण मला त्यांचा हसण्यानं फुगलेला गाल दिसत होता.

आता मी स्वतः शिकवते. शहरातल्या समारंभांत यंत्रावर दाबलेल्या पानांच्या ताटल्या येतात, प्लास्टिकच्या वेष्टनात बांधून. हातात घेतल्या की मी उजेडासमोर धरून बघते, सवयच लागली आहे. तांड्यातल्या सगळ्या लग्नांत पान परत आलं असं मी लिहिणार नाही. काही घरी येतं, काही घरी नाही. पण गूळ फिरायला लागला तो बंद पडला नाही, आणि ज्या घरी ताटल्या आणतात तिथंही आता बाई निदान शेजारच्या दारापर्यंत जाऊन सांगून येते. सकरीकाकी गेली. याडी आहे, तिच्या गुडघ्यांना बोलावणं फिरवणं झेपत नाही, म्हणून ती परात वहिनीच्या हातात देते आणि स्वतः मागून रिक्षात बसून जाते.

संजूच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यातली एक दुपार मात्र सांगायची राहिली. मी भाकरी घेऊन शेतात गेले. कपाशी त्या वर्षी गडद हिरवी होती, उकिरड्यातलं खत चांगलं कुजलं होतं. बापूंनी बैल थांबवले, वाकले, आणि मातीतून एक पांढरा तुकडा काढून मला दाखवला. "सुशीचं," ते म्हणाले आणि खिशात टाकला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काकी शेळीसाठी गवत कापत होती. तिनं तिथूनच आपल्या थोरल्या दिराला विचारलं, "आन संजूचं नाई सापडत काय वो, भासरे?"

बापूंनी डवऱ्याची मूठ धरली, मागच्या ओळींकडे एकदा पाहिलं.

"संजूचं कुठून सापडन," ते म्हणाले. "थे तं कवाच कपाशीत गेलं."

आणि त्यांनी बैल हाकले.